काळोखाचा सातबारा

समुद्राचं पाणी रात्री निळं पेटतं, ते कुणाच्या स्वागतासाठी पेटत नाही. हे आधीच सांगून टाकतो. कारण अलीकडे आमच्या भागात ज्याला त्याला वाटायला लागलंय की समुद्राने हा कंदील मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी टांगलाय. रस्त्याकडेला बोर्ड लागलेत. 'चमकता समुद्र, दोन रात्री, जेवणासह.' एका बोर्डावर तर 'खात्रीशीर चमक' असं लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलं. आंब्याच्या पेटीवर 'अस्सल हापूस' लिहिणाऱ्यांच्या मुलखातला मी माणूस, तेव्हा बोर्डावरच्या खात्रीला किती किंमत द्यायची ते मला कळतं. पण समुद्राची खात्री देणारा माणूस मी साठ वर्षांत पहिल्यांदाच बघितला.

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडी समुद्राला मिळते तिथे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या अमावास्येला आणखी चाळीस गाड्या येतील.

नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर निळ्या लाटा दिसल्या, आमच्या देवगडकडेही दिसल्या, आणि मोबाइलवरून ते सगळीकडे गेलं. तोवर ही गोष्ट मच्छीमारांची होती आणि आमच्यासारख्या किनाऱ्यालगतच्या शेतकऱ्यांची. आम्ही त्याला 'पाणी पेटलं' म्हणतो. पावसाळा सरला, पाणी निवळलं, थंडी पडायला लागली की ते दिसतं. एखाद्या वर्षी चार रात्री, एखाद्या वर्षी पंधरा, एखाद्या वर्षी अजिबात नाही. त्यात कुणाला नवल वाटत नसे. पाऊस पडतो तसं पाणी पेटतं, एवढंच.

आता ते काय आहे ते सांगतो. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण छापलेलं वाचून समजून घ्यायला तेवढं पुरतं. हा एका पेशीचा जीव. नॉक्टिलुका त्याचं नाव, अर्थ रात्रीचा दिवा. मोठ्यातला मोठा दोन मिलिमीटरपर्यंत जातो, बहुतेक खसखशीच्या दाण्याहून बारीक. त्याला धड पोहता येत नाही. वारा नि प्रवाह नेईल तिकडे तो जातो. पाण्यात खायला भरपूर झालं की तो असा वाढतो की दिवसा पाण्यावर तांबूस नाहीतर हिरवट साय धरल्यासारखी दिसते. आणि तो खादाड आहे. पाण्यातली बारीक वनस्पती खातो, माशांची अंडीसुद्धा गिळतो.

पाणी स्थिर असेल तर हा जीव काळाच. लाट फुटली, वल्हं पडलं, मासा वळला, की त्याच्या अंगावर दाब येतो आणि तो लखकन पेटतो. पापणी लवायच्या आत विझतो. तो का पेटतो, याबद्दल शास्त्रज्ञ सांगतात ते ऐकण्यासारखं आहे. पाण्यातले बारीक कोळंबीसारखे किडे त्याला खायला येतात. तो पेटला की खाणारा दचकतो, आणि त्या उजेडात खाणाराच एखाद्या मोठ्या माशाच्या नजरेला पडतो. रात्री गोठ्याकडे बिबट्या आला की कुत्रं भुंकतं, मालक जागा होतो, तसलाच हा प्रकार. लोक किनाऱ्यावर उभे राहून ज्याला टाळ्या देतात ती एका जिवाची बोंब आहे.

आणि इथेच या धंद्याची गोम आहे. जो प्राणी घाबरल्याशिवाय उजळत नाही तो दाखवायचा तर त्याला घाबरवावं लागतं. पाहुणे येतात, पाणी काळं दिसतं, चेहरे पडतात. मग पोरगा दगड मारून दाखवतो. मग पाहुण्यांची मुलं दगड मारतात. मग कुणी पाण्यात उतरून लाथा मारतो, कुणी बादलीने पाणी उडवतो. गेल्या वर्षी ओल्या वाळूवरून मोटरसायकली फिरवल्या, चाकामागे निळी रेघ उमटते म्हणून. त्याच वाळूत कासवं अंडी घालतात, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तरी रेघ उमटते म्हटल्यावर ऐकलं असतं की नाही, देव जाणे.

आमच्या लहानपणी रापण लागायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीने ते अर्धगोल टाकत जायचं आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरच्या माणसांनी ओढायचे. रापण गाबतांची, पण भाताची कापणी-झोडणी आटोपली की आम्ही शेतकरीही दोराला हात लावायला जायचो. वाट्याला टोपलीभर पेडवे नाहीतर बांगडे यायचे. पहाटेच्या काळोखात सगळे किनाऱ्यावर जमायचे. तांडेल गुडघाभर पाण्यात जायचा, पायाने पाणी ढवळायचा आणि परत येऊन म्हणायचा, "पाणी पेटलाहा. आज काय गावाचा नाय."

झालं. माणसं घरी जायची. कारण पेटलेल्या पाण्यात जाळ्याचा धागा न् धागा उजळतो. मासा तो बघतो आणि वळसा घालून जातो. कांडाळ लावणाऱ्यांचाही तोच अनुभव. म्हणजे ज्या रात्री आज दोन-दोन हजार रुपये देऊन माणसं नाचायला येतात, त्या रात्री किनाऱ्यावरच्या घरात चूल थंड असायची.

पण याची दुसरी बाजूही होती. पाणी नुसतं थोडं पेटतं असलं तर जुने लोक होडीच्या नाळेवर उभे राहून काळ्या पाण्यात पांढुरका डाग शोधायचे. खाली बांगड्याचा थवा धावत असला की पाणी खालून उजळतं. डाग किती लांब, किती वेगाने सरकतो, फुटतो की एकसंध राहतो, यावरून मासा कुठला आणि जाळं टाकायचं कुठे ते तांडेल ठरवायचा. आम्ही शेतकरी ढग बघून पेरणी ठरवतो, तशी ती विद्या. आता ती जाणणारे आमच्या गावात दोघे उरलेत आणि दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे. चमक दाखवून पैसे घेणाऱ्या एकानेही त्यांच्या ओट्यावर जाऊन एक रात्र ऐकून घेतलेलं नाही. पाहुण्यांना सांगतात काय? तर 'सिनेमात असतं ना तसं'.

मला माझ्याच गावातले सुशिक्षित विचारतात, "जुनंच आहे म्हणता, मग आता आरडाओरडा कशाला?" विचारण्यासारखा प्रश्न आहे, म्हणून सरळ उत्तर देतो. पाणी पेटणं जुनं आहे. पण अरबी समुद्रात ते जिथे नव्हतं तिथे यायला लागलंय, आणि जिथे थोडं होतं तिथे फार झालंय. हेल्गा डो रोझारिओ गोम्स, जोकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगापुढे मांडलं की उत्तर अरबी समुद्रात थंडीच्या दिवसांत पूर्वी डायटम नावाच्या बारीक वनस्पती वाढायच्या, आणि २००० सालानंतर त्यांची जागा या नॉक्टिलुकाच्या हिरव्या जातीने घेतली. कारण म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते पाण्यातला प्राणवायू कमी होण्याकडे. या हिरव्या जातीच्या पोटात शेवाळ राहतं. ते तिला अन्न करून देतं, वर ती स्वतःही खाते. दोन्ही बाजूंनी पोट भरणारा गडी, तो तगणारच.

याचा माशाशी संबंध काय? डायटम हा समुद्रातला चारा. चारा खाऊन बारीक किडे वाढतात, किड्यांवर तारली-बांगडा वाढतो, त्यांच्यावर सुरमई. नॉक्टिलुका खाणारे थोडे, त्यात जेलीफिशसारखे. जेलीफिशचं कालवण होत नाही. कुरणात गवताऐवजी रानमोडी माजली तर गुरं बांधायची कुठे, हा प्रश्न शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. रानमोडीलाही फुलं येतात आणि ती लांबून छान दिसतात.

शिवाय हा जीव अंगात अमोनिया साठवतो, त्यामुळे तो तरंगतो. थवाच्या थवा मेला की तो अमोनिया पाण्यात उतरतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायूही खाल्ला जातो. बंदिस्त पाण्यात अशा वेळी मासे मरतात. ओल्या झालेल्या युरियाच्या गोणीत ज्याने नाक घातलंय त्याला अमोनियाबद्दल वेगळं सांगायला नको. आणि या जिवाला वाढायला लागतं काय? त्याच्या चाऱ्याला खत लागतं. ते समुद्राच्या तळातून नैसर्गिकपणे वर येतं, आणि नद्या-खाड्यांतूनही येतं. शहरांचं सांडपाणी, बागांचं खत, हॉटेलांची गटारं, सगळ्यांचा उतार समुद्राकडेच. आमच्या खाडीच्या काठाला गेल्या दहा वर्षांत जेवढी खोल्यांची बांधकामं झाली, त्यातल्या कितींचे शोषखड्डे नीट आहेत, हे खाडीच्या पाण्यात उभं राहिलं की वासावरून कळतं. चमक दाखवायला खोल्या, खोल्यांची घाण खाडीत, खाडीची घाण समुद्रात. उद्या चमक वाढली तर हेच लोक म्हणतील, बघा, देवाची कृपा.

आता दुसऱ्या एका उजेडाबद्दल. आमच्या किनाऱ्यावरून रात्री पश्चिमेला बघितलंत तर क्षितिजावर गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. अमावास्येच्या आसपास तर ओळच लागते. त्या एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी. जनरेटरवर हजारो वॅटचे दिवे पेटवायचे, काही पाण्याखाली सोडायचे, लहान-मोठा सगळा मासा उजेडाला गोळा झाला की पर्ससीन जाळ्याने उचलायचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशी एलईडी मासेमारी बंद केली. राज्याने त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले. कागदावर सगळं चोख आहे. दिवे मात्र दिसतात.

सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी मोर्चे काढले, समुद्रात बोटी अडवल्या, अंगावर गुन्हे घेतले. तो उजेड बघायला कुणी पाहुणा येत नाही. त्याचा बोर्ड रस्त्यावर लागत नाही. खरं तर लावायला हवा. 'आमच्या पोरांच्या ताटातला मासा कुठे गेला ते बघा, प्रवेश मोफत.' समुद्राच्या एका उजेडावर तुम्ही कविता करता आणि दुसऱ्या उजेडाबद्दल तोंड उघडत नाही, तर तुमचं समुद्रावर प्रेम आहे हे मी कसं मानू?

आता खांबाची गोष्ट सांगतो. ऐकून हसू येईल, पण आमच्या गावाने त्यासाठी निधी खर्च केलाय. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव आला की किनाऱ्यावर हायमास्ट बसवावा. कारण काय, तर रात्री चमकतं पाणी बघायला पर्यटक येतात, त्यांची गैरसोय होते, काळोखात पाय घसरण्याची भीती असते. मी उभा राहिलो. म्हटलं, चमक दिसते काळोखामुळे, आणि तुम्ही ती दिसावी म्हणून दिवा लावताय? सभेत हशा झाला. मला वाटलं जिंकलो. पण ज्याच्या चार खोल्या आहेत तो आमच्या वाडीतला पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, काळोखान पोट भरतला काय?"

मी म्हटलं, "बाबू, तू विकतस काय? काळोखच मा?"

तो गप्प बसला. पण त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्याच्याबरोबरचे सगळे मुंबईला गेले, हा एकटा गावात राहिला. हापूसचं एक वर्ष लागलं तर एक वर्ष जातं. फवारणीचा खर्च दरवर्षी वाढतो, माकडं नि डुकरं उरलेलं खातात. कर्ज काढून त्याने खोल्या बांधल्या. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. लहानपणापासून त्याने एकच ऐकलं, पर्यटन येणार आणि आपलं भलं होणार. ते आलं तेव्हा त्याने दार उघडलं, यात त्याचा काय दोष? माझं भांडण त्याच्याशी नाही. ज्यांनी त्याला धंदा दिला आणि धंद्याचं भांडवल कशात आहे ते सांगितलं नाही, त्यांच्याशी आहे.

ठराव मंजूर झाला. फेब्रुवारीत खांब उभा राहिला, चार मजली घराएवढा उंच, वर सहा दिवे. चालू-बंद करायची पेटी कुलूपबंद, किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदार तालुक्याच्या गावी. संध्याकाळी दिवे आपोआप लागतात, सकाळी आपोआप विझतात. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लग्नाच्या मांडवासारखा उजेड. पुढच्या अमावास्येला पाहुणे आले. पाणी पेटलं होतं, पण दिसेल तर शपथ. त्या पोराने सरपंचबाईंना फोन केला, सरपंचबाईंनी ग्रामसेवकाला, ग्रामसेवकाने ठेकेदाराला. ठेकेदार म्हणाला, बंद करायचा तर लेखी अर्ज द्या.

मग पोरं काय करायला लागली? पाहुण्यांना उजेडापासून लांब, टोकाच्या खडकांवर न्यायला लागली. तिथे शेवाळ असतं. पुण्याकडची एक बाई घसरली, घोट्याशी पाय मोडला. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून तिला रस्त्यापर्यंत आणली. पाय घसरू नये म्हणून लावलेल्या दिव्याने पाय मोडला. आणि मार्चमध्ये एका सकाळी खांबाच्या पायथ्याशी कासवाची चार पिल्लं सुकून मेलेली मिळाली. पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडे उजेड तिकडे चालतं. हजारो वर्षं रात्री उजेडाची बाजू समुद्राची होती. आता ती ग्रामपंचायतीची झाली.

कुणी म्हणेल, मग पाहुणे येऊच नयेत का? येऊ द्या. वेळासला जाऊन बघा. मंडणगड तालुक्यातलं ते गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ पासून कासवांचं काम सुरू केलं. गावकऱ्यांच्या घरात पाहुणे राहतात, भाकरी-भाजी खातात आणि पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या अलीकडे बसून बघतात. पिल्लं कधी बाहेर येतील ते पिल्लं ठरवतात. कधी पाहुण्यांना नुसतंच परत जावं लागतं. तरी माणसं जातात आणि घरांना चार पैसे मिळतात. तिथे पाहुण्याला आधी नियम सांगतात, मग चहा देतात.

उलट बाजू बघायची असेल तर भंडारदऱ्याकडे काजव्यांच्या दिवसांत जा. काजव्याचा उजेड म्हणजे नराने मादीला घातलेली साद. पावसाच्या तोंडावरचे थोडेच आठवडे त्याच्या हातात असतात. त्यात हेडलाइटची रांग, बॅटऱ्या, गाण्यांचा धिंगाणा. मादीला नर दिसायचा कसा? जमिनीवरच्या माद्या आणि अळ्या चाकाखाली जातात त्या वेगळ्याच. शेवटी वनखात्याला निर्बंध घालावे लागले.

बाहेरच्या जगातलीही दोन उदाहरणं देतो. पोर्तो रिको नावाच्या बेटाजवळ व्हिएकेस म्हणून लहान बेट आहे. तिथल्या मॉस्किटो नावाच्या उपसागराचं पाणी जगात सर्वांत तेजस्वी म्हणून गिनीज बुकात गेलं. तिथला जीव वेगळा आहे, पण तोही ढवळल्यावरच पेटतो. त्या लोकांनी २००७ पासून त्या पाण्यात पोहायला बंदी केली. माणसाच्या अंगावरची मलमं, फवारे पाण्यात उतरतात म्हणून. पाहुणे वल्ह्याच्या होडीतून जातात आणि अमावास्येच्या आसपास जातात. त्याच पोर्तो रिकोत ला पार्गेरा म्हणून दुसरा चमकता उपसागर आहे. तिथे पोहायला मोकळीक, इंजिनाच्या बोटी, काठाला वस्ती. तिथली चमक पूर्वीच्या मानाने फार मंद झालीय. एकाच देशातली दोन गावं, दोन ठराव, दोन निकाल.

जवळचं बघा. केरळात कोचीजवळ कुंबळंगी गाव आहे. तिथे बॅकवॉटर पेटतं त्याला 'कवरु' म्हणतात. उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा वाढला की ते दिसतं. २०१९ सालच्या एका गाजलेल्या मल्याळम सिनेमात ते आलं आणि लोकांची रीघ लागली. मला त्या गावाबद्दल आपुलकी वाटते ती सिनेमामुळे नव्हे. त्या भागात पोक्कळी भाताची शेती आहे. पावसाळ्यात खारं पाणी सोसणारं भात आणि भात निघाल्यावर त्याच शेतात कोळंबी. आमच्या खाजणातला शेतकरी तिथे गेला तर परका वाटणार नाही. खारं पाणी, बांध, भात नि मासा यांचं एकमेकांवर चालतं, हे दोघांनाही माहीत आहे. असा मुलूख बघायला जाऊन माणूस फक्त निळ्या पाण्याचा फोटो घेऊन परत येत असेल, तर जत्रेला जाऊन फुगा घेऊन आला म्हणायचा.

आता मला हवंय काय ते सांगतो, नाहीतर म्हातारा नुसता कुरकुरतो असं म्हणाल.

एक. खांबाच्या पेटीची किल्ली गावात हवी. किनाऱ्यावरचे दिवे मागणीप्रमाणे लागावेत, खाली तोंड केलेले असावेत, समुद्राकडे उजेड जाता कामा नये. पाणी पेटतं त्या रात्री आणि कासवांच्या दिवसांत ते बंदच राहावेत. वाटेला उजेड पाहिजे तर गुडघ्याएवढ्या उंचीचे मंद दिवे लावा. पाय त्यानेही घसरत नाही.

दोन. वाळूवर गाडी येणार नाही. मोटरसायकल नाही, जीप नाही, सरपंचाची नाही, आमदाराच्या पाहुण्यांची नाही. दगड मारणं, बादल्या उडवणं, स्पीकर लावणं बंद. लाट आपली आपण फुटते. ती फुटली की पाणी पेटतं. तेवढं बघायला दहा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याने चमक बघितली नाही तरी समुद्राचं काही अडत नाही.

तीन. ज्याच्या खोल्या आहेत त्याचा शोषखड्डा तपासावा. ज्याची घाण खाडीत जाते त्याला चमकीच्या नावाचा बोर्ड लावायची परवानगी देऊ नये.

चार, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझ्या शेतात मी भात लावलं की नाचणी, याची पीक पाहणी होते. सातबाऱ्यावर नोंद होते. पड जमीन असेल तर पड म्हणून लिहितात. मग समुद्राची पाहणी का नको? पाणी कोणत्या तारखेला पेटलं, किती दिवस पेटलं, दिवसा रंग कुठला होता, त्या दिवशी जाळ्यात काय आलं, मेलेला मासा किनाऱ्याला लागला का, एवढी एक वही ग्रामपंचायतीत ठेवायला खर्च किती? दोनशे पानी वही आणि एक पेन. लिहायला हायस्कूलची मुलं आहेत. सांगायला ते दोन म्हातारे तांडेल आहेत, अजून आहेत. दहा वर्षांची वही झाली की गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतला माणूसही ती हातात घेईल. मग चमक वाढते की घटते, माशाचं काय होतं, यावर पुरावा घेऊन बोलता येईल. मोर्चात घोषणेबरोबर वही नेता येईल. आज आमच्याकडे फोटो आहेत हजारो, आणि नोंद एकही नाही.

आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहावी, असं माझं मागणं आहे. गावच्या मालमत्तेच्या रजिस्टरात शाळा लिहिलीय, विहीर लिहिलीय, स्मशानशेड लिहिलीय, आता तो खांबही लिहिलाय. त्यात गावच्या किनाऱ्यावरचा काळोखही लिहा. त्याची किंमत शून्य लावलीत तरी चालेल. पण एकदा नोंद झाली की ती मालमत्ता विकताना, खराब करताना निदान ठराव तरी घ्यावा लागेल, आणि ठरावाला विरोध करायला माझ्यासारखा कुणी उभा राहू शकेल.

खोल्यांवाला तो पोरगा परवा माझ्याकडे आला होता. खांबामुळे त्याच्या दोन बुकिंगा रद्द झाल्या. म्हणाला, "काका, येत्या सभेत तुमी बोला, मी हात वर करतंय." मी म्हटलं, बोलायचं तूच, हात मी वर करतो. माझं ऐकून लोक हसतात आणि ठराव मंजूर करतात. तुझं नुकसान ऐकून कदाचित थांबतील.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. हे मुद्दे लेखी दिलेत. आमचे चाकरमानी गणपतीला गाड्या भरभरून येतात आणि गौरी-गणपती गेले की निघून जातात. ज्यांची नावं अजून गावच्या मतदारयादीत आहेत, त्यांनी यंदा दोन दिवसांची रजा राखून ठेवा आणि सभेला या. गेल्या वेळी ठराव सात हातांनी मंजूर झाला होता.